पेलेट स्टोव्हने हीटिंगचा खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर कामांचा क्रम असा ठेवा

“स्टोव्ह घेतला, बसवला, तरी वर्षाचा खर्च होता तिथेच आहे.” अमेरिकेतल्या दक्षिण न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या ओळखीच्या तीन-चार मराठी घरांत मी हे ऐकलंय. पहिल्या हिवाळ्यानंतर आमच्या घरातही हेच बोलणं झालं होतं. जाऊन पाहिलं तर स्टोव्ह बहुतेक वेळा ठीक असतो, कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी स्टोव्ह घेतात, मग त्याला जागा शोधतात, थंडी पडल्यावर घाईघाईने पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, आणतात. घरातल्या फटी आणि बॉयलरचा थर्मोस्टॅट यांच्याकडे मात्र कुणी बघतच नाही.

पेलेट आणि हीटिंग ऑइल यांच्या खर्चातला फरक मुळात फार मोठा नसतो. थोडे ओलसर पेलेट, काजळी धरलेली चिमणी, स्वस्त आहे म्हणून 76 फॅरनहाइटवर ठेवलेलं घर, एवढ्यात तो फरक संपून जातो. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. स्टोव्ह आधीच घेऊन झाला असेल तरी टप्पा 2 आणि 6 चुकवू नका.

टप्पा 1: दुकानात जाण्याआधी बिलं काढा

मागच्या पूर्ण वर्षाची तेलाची, प्रोपेनची किंवा विजेची बिलं समोर ठेवा. पेलेट 40 पौंडांच्या (साधारण 18 किलोच्या) पिशव्यांत येतात. 50 पिशव्यांचा एक टन, म्हणजे 2000 पौंड. चांगल्या पेलेटच्या एका पौंडात सुमारे 8,200 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता असते. स्टोव्हची कार्यक्षमता 78 टक्के धरली, तर एका टनातून घरात सुमारे 1 कोटी 28 लाख बीटीयू येतात.

तेवढीच उष्णता घरात यायला दुसरं इंधन किती लागतं, ते असं:

- हीटिंग ऑइल (बॉयलर 82 टक्के): सुमारे 113 गॅलन
- प्रोपेन (फर्नेस 90 टक्के): सुमारे 155 गॅलन
- साधा इलेक्ट्रिक बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेला लांबट हीटर): सुमारे 3,750 युनिट वीज
- हीट पंप (एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता देणारा): सुमारे 1,500 युनिट
- पाइपने येणारा नैसर्गिक गॅस (फर्नेस 92 टक्के): सुमारे 139 थर्म (गॅसच्या बिलावरचं एकक)

प्रत्येक आकड्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि उत्तर एका टन पेलेटच्या किमतीशेजारी लिहा. समजा, पेलेट घरपोच 350 डॉलर टन आणि तेल 3.50 डॉलर गॅलन. 113 गॅलन तेलाचे झाले सुमारे 395 डॉलर. म्हणजे टनामागे 45 डॉलर सुटले, आणि त्यातून स्टोव्हच्या पंख्यांची वीज व साफसफाईचा खर्च वजा करायचा. 24 सेंट दराने वीज घेणाऱ्या बेसबोर्डवाल्या घरात हाच हिशेब 900 डॉलरपर्यंत जातो. तिथे स्टोव्हचे पैसे लवकर फिटतात. गॅसची लाइन असलेल्या घरात 1.80 डॉलर दराने 139 थर्म साधारण 250 डॉलरना पडतात, म्हणजे पेलेट उलट महाग ठरतात. तुमच्याकडे गॅस असेल तर बचतीसाठी स्टोव्ह घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. हीट पंप असेल तर विजेच्या दरावर सगळं अवलंबून आहे. 24 सेंटला दोन्ही जवळपास बरोबरीत येतात.

मग तेलवाल्या घरात बचत होते कुठून? दोन ठिकाणांहून. पहिलं म्हणजे जुना बॉयलर 82 टक्के देत नाही, त्यामुळे खरी तुलना पेलेटच्या बाजूने थोडी झुकते. दुसरं आणि मोठं कारण असं की स्टोव्ह फक्त राहत्या भागाला उबदार ठेवतो. कुणी नसलेल्या खोल्या 60-62 वर राहिल्या तरी चालतं, आणि न वापरलेली उष्णता हीच खरी बचत ठरते. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीसकट सगळं घर स्टोव्हने 72 ला आणायचा बेत असेल, तर तो इथेच सोडून द्या.

तपासणी: फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारची करसवलत) हिशेबात धरलं आहे का? 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या स्टोव्हला ते मिळत नाही. विक्रेत्याकडे जुनी पत्रकं असू शकतात.

टप्पा 2: घराच्या फटी आधी बुजवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, कारण यात दिसण्यासारखं काही नसतं. माळ्यावर जायचं झाकण, तळघरात पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट बसते तो सांधा, बाहेरच्या दारांच्या खालची फट आणि भिंतीत पाइप शिरतात ती भोकं, ही चार ठिकाणं आधी बघा. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवून तिथे धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथून तुमचे डॉलर बाहेर चाललेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेतर्फे घराची ऊर्जातपासणी मोफत होते. न्यू हॅम्पशायरमध्ये एनएच सेव्हजकडे चौकशी करा. हे स्टोव्ह निवडण्याआधी करायचं, कारण फटी बुजल्यावर लहान स्टोव्ह पुरतो. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला की तो सतत सगळ्यात कमी आचेवर चालवावा लागतो. तशा आचेवर जळण अर्धवट राहतं, काच काळी पडते आणि काजळी साठते.

टप्पा 3: जागा आणि चिमणी

स्टोव्ह तिथे ठेवा जिथे घरातली माणसं बसतात. जिन्याजवळची मोकळी खोली सगळ्यात चांगली. तळघरात ठेवला की ऊब आपोआप वर येईल, असं पुष्कळ जण धरून चालतात. तळघराच्या भिंती उघड्या काँक्रीटच्या असतील तर त्याच ती ऊब पिऊन टाकतात.

मागच्या खोल्यांत ऊब न्यायची असेल तर एक साधा उपाय आहे. लहान पंखा गार खोलीच्या जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड स्टोव्हकडे करा. थंड हवा खालून स्टोव्हकडे येते आणि गरम हवा छतालगत त्या खोलीत जाते. लोक पंखा उलटा, स्टोव्हजवळ ठेवतात. त्याने फार काही हलत नाही.

चिमणीचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, पण त्याच्याशी बोलताना या गोष्टी माहीत असू द्या:

1. नळी पेलेटसाठीच बनलेली, दुहेरी भिंतीची हवी. कपड्यांच्या ड्रायरची किंवा गॅस उपकरणाची नळी चालत नाही.
2. नळीची हिशेबी लांबी मोजा. काटकोनातल्या प्रत्येक वळणाला किंवा टीला (टी-आकाराच्या जोडाला) 5 फूट, आडव्या प्रत्येक फुटाला 1 आणि उभ्या प्रत्येक फुटाला अर्धा. बेरीज 15 फुटांच्या वर गेली की 3 इंची नळी सोडून 4 इंची घ्यावी लागते.
3. बाहेरचं तोंड शेजारच्या आणि वरच्या खिडकी-दारापासून 4 फूट तरी लांब हवं. तुमच्या अंगणात बर्फ किती साचतो ते आठवा आणि तोंड त्याहून वर काढा.
4. जळणासाठी लागणारी हवा बाहेरून आणणारी वेगळी नळी घ्याच.

चौथ्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण आपल्या घरांत त्याचं महत्त्व जास्त आहे. लाल मिरच्यांची फोडणी टाकली की आपण स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावतो. तो घरातली हवा बाहेर फेकतो, आणि घर ती हवा मिळेल तिथून ओढून घेतं. एका दिवाळीत चकल्या तळताना मी एक्झॉस्ट लावला आणि बाहेरच्या खोलीतली ज्योत बघत उभी राहिले. मिनिटाभरात आखूड, चपळ ज्योत लांब होऊन नारिंगी झाली, तिची टोकं काळी पडली आणि दाराच्या कडेला धुराचा वास आला. एक्झॉस्ट बंद केल्यावर ज्योत पुन्हा सरळ झाली. बाहेरच्या हवेची नळी जोडल्यापासून असं झालेलं नाही. तरी मोठी तळणी असली की मी स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवते.

इशारा: नगराचा परवाना आणि घराच्या विमा कंपनीला कळवणं, ही दोन्ही कामं स्टोव्ह पेटवण्याआधी. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. या वायूला वास नसतो.

तपासणी: नवा स्टोव्ह असो की जुना, मागची पट्टी वाचा. 15 मे 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हसाठी ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) धुराची मर्यादा तासाला 2 ग्रॅम आहे. वापरलेला स्टोव्ह घेत असाल तर तो जुन्या नियमातला आहे का आणि तुमच्या नगरात चालतो का, हे आधी विचारा.

टप्पा 4: पेलेट उन्हाळ्यात घ्या, कोरडे ठेवा

खरेदीची वेळ मे ते ऑगस्ट. तेव्हा व्यापारी आगाऊ नोंदणीचा भाव देतात आणि माल भरपूर असतो. जानेवारीत पाच-पाच पिशव्या आणणारा माणूस जास्त भाव देतो, शिवाय मिळेल तो ब्रँड उचलतो.

पिशवीवर पीएफआय (पेलेट उत्पादकांची अमेरिकन संस्था) प्रीमियमची खूण शोधा. या दर्जात राख 1 टक्क्याच्या आत, ओलावा 8 टक्क्यांच्या आत आणि भुगा अर्ध्या टक्क्याच्या आत असावा लागतो. युरोपात राहणाऱ्यांनी ईएनप्लस ए1 ही तिथली दर्जाची खूण बघावी, तिथे राखेची मर्यादा 0.7 टक्के आहे. पाइनचे घ्यावेत की ओकचे, यावर वाद घालत बसू नका. राख किती आणि ओल किती, हे लाकडाच्या जातीपेक्षा महत्त्वाचं आहे.

पूर्ण टन मागवण्याआधी दोन-तीन ब्रँडच्या चार-चार पिशव्या आणून जाळून बघा. पेलेट चकचकीत असावा, मोडताना टक्‌ असा आवाज यावा. पिशवी रिकामी झाल्यावर तळाशी वाटीभराहून जास्त भुगा उरला तर तो माल नको. भुगा ऑगरमध्ये (पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये) अडकतो आणि जळण अधूनमधून उपाशी राहतं.

ज्यांच्या घरी भुशाची शेगडी होती त्यांना आठवत असेल, मधे बाटली धरून भुसा ठासून भरायचा, आणि तो जरा ओला निघाला की सकाळभर नुसता धूर. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसाच. पाणी लागलं की तो फुगतो, विस्कटतो आणि पुन्हा वाळवला तरी पेलेट होत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही अख्खा टन गॅरेजबाहेर ताडपत्रीखाली ठेवला होता. वरच्या पिशव्या कोरड्या राहिल्या. खालच्या थरातल्या उचलल्या तर त्या हातात लापशीसारख्या मऊ लागल्या. पिशव्यांना हवेसाठी बारीक भोकं असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अकरा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या, म्हणजे टनामागे जी बचत व्हायची तीच गेली.

साठवण अशी करा:

1. जागा छपराखाली, भिंतीपासून हातभर दूर.
2. खाली लाकडी पॅलेट, काँक्रीटवर थेट नको.
3. वॉटर हीटर, बॉयलर आणि खुद्द स्टोव्ह यांच्यापासून लांब.
4. जुना माल पुढे, नवा मागे.

इशारा: सुटे पेलेट मोठ्या बंदिस्त टाकीत साठवले तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. अशा टाकीत हवा खेळती केल्याशिवाय डोकावूही नका. पिशव्यांच्या साठ्याला साधी हवेशीर जागा पुरते.

टप्पा 5: पेटवणं आणि ज्योत वाचायला शिकणं

नवा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवताना रंग भाजल्याचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून तासभर मोठ्या आचेवर चालवा. त्यानंतर रोजचा क्रम असा:

1. स्टोव्ह थंड असताना बर्न पॉट (पेलेट जळतात ते भांडं) खरवडा, त्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघा.
2. हॉपरमध्ये (पेलेट भरायच्या टाकीत) पेलेट हळू ओता, म्हणजे धूळ उडणार नाही. झाकण घट्ट लावा.
3. पेटवा आणि स्टोव्हला स्वतःच्या वेगाने तापू द्या. रॉकेल किंवा पेटवायचं कुठलंही द्रव कधीही नाही.
4. वीस मिनिटांनी ज्योत बघा.

चांगली ज्योत उजळ पिवळी, आखूड आणि चपळ असते. पॉटमधले निखारे थोडे उडत असतात. ज्योत आळसावलेली, नारिंगी आणि टोकाला काळी असेल तर हवा कमी पडतेय. अशा वेळी बरेच जण पेलेटचा पुरवठा वाढवतात. त्याने काजळी आणखी वाढते. आधी पॉट आणि दाराचं गास्केट (कडेची हवाबंद पट्टी) बघा, मग हवेचा डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) थोडा-थोडा उघडा, आणि दर वेळी दहा मिनिटं थांबा.

राखही बोलते. फिकट करड्या रंगाची, पिठासारखी राख म्हणजे जळण पूर्ण झालं. काळी आणि जड असेल तर अर्धे पैसे राखेच्या डब्यात गेले. पॉटमध्ये कडक, काचेसारखा गोळा बनला तर तो खंगर, वीटभट्टीत जास्त भाजून चिकटलेल्या विटांसारखा. हलक्या दर्जाच्या पेलेटमधली माती आणि कमी हवा, ही त्याची नेहमीची दोन कारणं.

तापमान 68 च्या आसपास ठरवा आणि तिथेच राहू द्या. “पेलेट स्वस्त आहेत” म्हणून 75-76 वर नेलेल्या घरात बचत उरत नाही.

टप्पा 6: बॉयलरच्या थर्मोस्टॅटला विसरू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. स्टोव्ह आणि बॉयलरचा थर्मोस्टॅट एकाच खोलीत असतील तर थर्मोस्टॅटला वाटतं घर गरम आहे. बॉयलर दिवसेंदिवस चालूच होत नाही. तेल वाचतं खरं, पण गॅरेजवरच्या आणि बाहेरच्या भिंतींतले पाइप गारठत जातात.

आमच्या पहिल्या जानेवारीत तेच झालं. बाहेर पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली होता आणि बाहेरच्या खोलीत छान 70. पहाटे बॉयलरचं गरम पाणी फिरणाऱ्या बेसबोर्डचा नेहमीचा टिकटिक आवाज नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. गॅरेजच्या बाजूच्या भिंतीला हात लावला तर बर्फासारखी गार. आतलं हीटिंगचं पाणी गोठलं होतं. पाइप फुटला नाही, पण तो पूर्ण दिवस आणि प्लंबरची फी गेली.

म्हणून असं करा:

1. बॉयलरचा थर्मोस्टॅट शक्यतो स्टोव्हपासून दूरच्या खोलीत हलवून घ्या. हे काम फार खर्चाचं नसतं.
2. हलवता येत नसेल तर 10 फॅरनहाइटच्या खालच्या रात्री झोपण्याआधी आणि पहाटे तो स्टोव्हच्या तापमानापेक्षा 2-3 अंश वर करा, म्हणजे बॉयलर पंधरा-वीस मिनिटं चालेल आणि पाणी फिरेल.
3. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं त्या रात्री उघडी ठेवा.
4. गावाला जाताना स्टोव्ह बंद करा. घर बॉयलरवर सोपवा, 55 च्या खाली नको.

तपासणी: सगळ्यात गार भिंतीजवळ दहा डॉलरचा साधा थर्मामीटर ठेवा. तो 45 च्या खाली गेला की बॉयलर चालवायचाच.

टप्पा 7: साफसफाईचं वेळापत्रक

मळलेला स्टोव्ह जळतो तसाच, पण ऊब खोलीत न जाता चिमणीतून जाते. म्हणून बाहेरून कळत नाही.

- रोज: बर्न पॉट खरवडणं, काच पुसणं.
- आठवड्याला: राखेचा डबा, आतल्या भिंती, उष्णता देणाऱ्या नळ्यांवरची राख.
- दर टनाला: चिमणीचा टी उघडून राख काढणं, धूर ओढणारा पंखा साफ करणं.
- वर्षातून एकदा: पूर्ण चिमणी, ऑगर, सगळी गास्केटं. जाणकाराकडून करून घ्या.

गास्केटची परीक्षा सोपी आहे. एक डॉलरची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर त्या जागी हवा शिरतेय. दाराच्या चारही बाजूंना करून बघा.

इशारा: राख घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका. थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दडलेला असतो, तो दिवसच्या दिवस जिवंत राहतो आणि व्हॅक्यूमची पिशवी पेट घेते. राखेसाठीचा खास व्हॅक्यूम घ्या. राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि डबा घराबाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा. लाकडी डेकवर अजिबात नको.

टप्पा 8: वीज गेली तर

पेलेट स्टोव्ह विजेशिवाय चालत नाही. वीज जाताच धूर ओढणारा पंखा थांबतो आणि पॉटमधलं जळण धुमसत राहतं, त्यामुळे थोडा धूर घरात येऊ शकतो. दार उघडू नका, खिडकी उघडा. पेटताना स्टोव्हला 300-400 वॉट लागतात, नंतर शंभर ते दोनशे. बॅटरी बॅकअप घेणार असाल तर शुद्ध साइन वेव्ह देणाराच घ्या, आणि स्टोव्ह बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत तो चालतो का ते बघा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही लावू नका.

टप्पा 9: मोसम संपल्यावर, एप्रिलमध्ये

शेवटची पिशवी संपत आली की हॉपर पूर्ण रिकामा होऊ द्या. ऑगरमध्ये उरलेले पेलेट उन्हाळ्याच्या दमट हवेत फुगून घट्ट बसतात आणि ऑक्टोबरमध्ये मोटर जळते. आतली राखही त्याच आठवड्यात काढा. ओल धरलेली राख लोखंड खाते, आणि पत्रा गंजतो तो उन्हाळ्यातच. मग प्लग काढून ठेवा, वादळातल्या विजेने कंट्रोल बोर्ड जातो. चिमणीच्या तोंडावर पक्षी घरटं करणार नाहीत अशी जाळी बघून घ्या.

त्याच दिवशी वहीत दोन आकडे लिहा, पेलेटच्या किती पिशव्या जळल्या आणि तेल किती गॅलन लागलं. टप्पा 1 मधल्या हिशेबात ते घाला. मेमध्ये व्यापाऱ्याला फोन करताना किती टन सांगायचे ते यावरून कळतं. आमच्या वहीत मागच्या हिवाळ्याच्या 142 पिशव्या आहेत, म्हणून या वर्षी तीन टनांची नोंदणी केली आहे.